दूरस्थ यंत्रातील कीर्द-खतावणी आणि तिची देवडी

श्री महावीर निर्वाणोत्सवाच्या दिवशी आपण नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटतो आणि 'शुभ' व 'लाभ' ही अक्षरे लिहून वर्षाचा आरंभ करतो. तथापि आज आपल्यापैकी कित्येकांच्या पेढीवर पूजेस ठेवलेली वही पुढे वर्षभर कोरीच राहते. खरी कीर्द-खतावणी संगणकात असते, आणि अलीकडे तो संगणकही पेढीवर नसतो. तो मुंबई, पुणे किंवा हैदराबाद येथील एखाद्या विशाल संगणकगृहात भाड्याने घेतलेला असतो, आणि आपण गादीवर बसून किंवा परगावाहून त्यात डोकावतो. ज्या वहीला आपण लक्ष्मीचे आसन मानतो ती आपल्या दृष्टीआड असताना तिच्या दाराची काळजी कशी घ्यावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. संगणकशास्त्राचे पंडित नव्हे. परंतु एका मोठ्या नुकसानीनंतर हा विषय आम्हांस शिकावा लागला. जे शिकलो ते स्वतःच्या हाताने करून पाहिले, म्हणूनच ते पाठाच्या रूपाने बंधुभगिनींपुढे मांडण्याचे धाडस करीत आहो.

दूरस्थ यंत्र म्हणजे काय?

बाजार समितीच्या आवारात एक मोठी वखार असते आणि तिच्या आत भिंती घालून गाळे पाडलेले असतात. छप्पर एक, पाया एक, रस्ता एक. परंतु प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र दार, स्वतंत्र कुलूप आणि स्वतंत्र मालक. संगणकगृहातील एका बलाढ्य संगणकाचे असेच गाळे पाडतात. प्रत्येक गाळा आपणच एक पूर्ण संगणक आहोत अशा रीतीने वागतो. यालाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र म्हणतात. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी व्यवस्था विक्रीस आणली होती. नवे इतकेच, की आता असा गाळा तासाच्या किंवा महिन्याच्या भाड्याने कोणासही मिळतो. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने पुणे, चेन्नई व मुंबई येथे, आणि २०१६ साली ॲमेझॉनने मुंबई येथे अशी केंद्रे उघडल्यापासून आपली वही देशाबाहेर न पाठविताही ही सोय घेता येते.

गाळा भाड्याने देणारा मालक छप्पर, वीज आणि बाहेरील पहारा सांभाळतो. परंतु आपल्या गाळ्याच्या दाराला कुलूप लावणे हे भाडेकरूचेच काम आहे. हा भेद न कळल्यामुळेच आमचे नुकसान झाले.

आमची चूक

२०१८ च्या फेब्रुवारीत आम्ही सहकुटुंब श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या महामस्तकाभिषेकास गेलो होतो. तेथे असताना पेढीवरून वारंवार दूरध्वनी येत, अमक्याची बाकी किती, तमक्याची हुंडी कधीची. उत्तर वहीत होते आणि वही बेळगावात होती. परत आल्यावर एका तंत्रज्ञाकडून आम्ही भाड्याचे यंत्र घेतले आणि हिशेबाची टॅली त्यात बसविली. पेढीवरून मुनीमजी, घरून सूनबाई आणि पुण्याहून आमचे चिरंजीव, असे तिघेही एकाच वहीत पाहू लागले. आम्ही प्रसन्न झालो.

दार कसे आहे, हे मात्र आम्ही विचारले नाही. विंडोज यंत्राच्या पडद्यावर दुरून काम करण्याची जी रिमोट डेस्कटॉप नावाची सोय आहे, तिचे दार साऱ्या जगाला उघडे होते. तिघांस मिळून एकच नाव आणि एकच परवलीचा शब्द होता, आणि तो शब्द म्हणजे पेढीचे नाव व पुढे १२३. २०१९ च्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी मुनीमजींनी यंत्र उघडले तेव्हा वहीच्या प्रत्येक फाइलीचे नाव बदललेले होते आणि पडद्यावर खंडणीची मागणी होती. आम्ही खंडणी दिली नाही. परंतु बाहेर ठेवलेली शेवटची प्रत अकरा दिवसांपूर्वीची निघाली.

त्या अकरा दिवसांचा हिशेब आम्ही कच्च्या चिठ्ठ्या, तोलाच्या पावत्या आणि हमालीच्या नोंदी यांवरून पुन्हा उभा केला. एका शेतकऱ्याने उचलीपोटी अठरा हजार रुपये भरल्याचे सांगितले. आमच्यापाशी चिठ्ठी नव्हती. त्याच्या शब्दावर रक्कम जमा धरली. दोन महिन्यांनी ती चिठ्ठी पोत्यांच्या हिशेबात अडकलेली सापडली. तो अक्षरशः खरे बोलला होता. चिठ्ठी हाती घेताच आमच्या मनात विचार आला, की त्या दिवशी आम्ही त्यास 'नाही' म्हटले असते, तर आमच्या निष्काळजीपणाचा दंड त्या गरिबाने भरला असता. वही केवळ आपली नसते. तिच्यात दुसऱ्याचे पैसेही असतात आणि दुसऱ्याचा आपल्यावरील विश्वासही असतो. तंत्रज्ञास दोष देणे सोपे होते. पण आम्ही कुलूप मागितलेच नव्हते.

दार ठोठावणारे कोण?

'आमच्या लहानशा पेढीवर कोणाचा डोळा असणार?' हा प्रश्न पुष्कळजण विचारतात. आम्हीही विचारीत होतो. येथे मोठा गैरसमज आहे. चोर आपले नाव शोधीत येत नाही. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता असतो आणि जुन्या पद्धतीच्या अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. ही संख्या प्रचंड वाटते. परंतु २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झीमॅप नावाचे साधन प्रसिद्ध केले, त्याच्या योगे पुरेशा वेगवान जोडणीवरील एकच संगणक पंचेचाळीस मिनिटांच्या आत या सर्व पत्त्यांचे एकेक दार ठोठावून येऊ शकतो. सबब लहान पेढी गर्दीत लपेल ही आशा व्यर्थ आहे.

यंत्राला दारे अनेक असतात आणि प्रत्येकास क्रमांक असतो. संगणकवाले त्यास पोर्ट म्हणतात. रिमोट डेस्कटॉपचे नेहमीचे दार ३३८९ आणि एसएसएच या सुरक्षित प्रवेशपद्धतीचे २२. कित्येकजण क्रमांक बदलून स्वस्थ बसतात. त्याने ठोठावण्याचा गलबला कमी होतो, पण कुलूप मजबूत होत नाही. आणि उत्तम परवलीचा शब्दही दरवेळी पुरा पडतो असे नाही. २०१९ च्या मे महिन्यात रिमोट डेस्कटॉपच्या जुन्या आवृत्त्यांत ब्लूकीप नावाचे छिद्र उघडकीस आले. त्यातून परवलीचा शब्द न देताच आत शिरणे शक्य होते. ते इतके गंभीर होते, की मायक्रोसॉफ्टने आधार कधीच थांबविलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. यावरून बोध इतकाच, की रिमोट डेस्कटॉपचे दार जगाला दिसताच कामा नये.

रुमालाखालचा भाव

आपल्या वडीलधाऱ्यांनी बाजारात हत्ता पद्धत पाहिली असेल. खरेदीदार व अडत्या रुमालाखाली हात घालून बोटे दाबीत आणि भाव ठरवीत. भोवती शंभर माणसे उभी असत. दोघांची बोलणी चालली आहेत हे सर्वांस दिसे, पण भाव कोणास कळत नसे. शेतकऱ्याच्या हिताच्या दृष्टीने ती पद्धत वाईटच, आणि नियंत्रित बाजारांत ती बंद झाली हे योग्यच झाले. परंतु एसएसएच काय करते हे समजण्यास हा दाखला उपयोगी आहे. पूर्वी टेलनेट नावाच्या पद्धतीने दूरच्या यंत्रात जात. तीत नाव आणि परवलीचा शब्द उघड्यावरून जाई, आणि वाटेत कान लावून बसलेल्यास तो मिळे. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असाच कान लावून परवलीचे शब्द चोरले गेले. त्यानंतर तेथील टाटू यलोनेन या संशोधकाने एसएसएच रचली. तीत सारे संभाषण रुमालाखाली चालते.

पण ज्यांची पूर्वी भेट नाही अशा दोन यंत्रांनी सर्वांसमक्ष बोलून गुप्त संकेत ठरवावा कसा? हे कोडे १९७६ साली डिफी व हेलमन या दोन अमेरिकन संशोधकांनी गणिताने सोडविले, आणि त्याच विचारातून जोडकिल्लीची कल्पना पुढे आली. एका जोडीत दोन भाग असतात. एक जाहीर भाग, तो कुलपासारखा. तो कोणासही द्यावा, कोठेही लावावा. दुसरा खाजगी भाग, ती किल्ली. ती आपल्या संगणकातून कधीही बाहेर जात नाही. दूरच्या यंत्रावर आपले कुलूप लावून ठेवतात. आपण गेलो म्हणजे आपला संगणक त्या भेटीपुरत्या ठरलेल्या मजकुरावर खाजगी किल्लीने स्वाक्षरी करतो, आणि दूरचे यंत्र ती स्वाक्षरी जाहीर भागाशी ताडून पाहते. किल्ली प्रवासास निघतच नाही. मग वाटेत ती चोरणार कोण?

रचना: देवडी आणि माजघर

जुन्या वाड्यात परका मनुष्य थेट माजघरात येत नसे. प्रथम देवडी, तेथे पहारेकरी. ओळख पटली तरच पुढे. आमच्या व्यवस्थेत तशीच दोन यंत्रे आहेत. एक लहान, स्वस्त लिनक्स यंत्र, ही देवडी. जगाला दिसते ते एवढेच, आणि त्याचे फक्त २२ क्रमांकाचे दार उघडे. दुसरे विंडोज यंत्र, ज्यात वही आहे, ते माजघर; त्यास जगातून येण्याजोगा पत्ताच नाही, केवळ आतील खाजगी पत्ता आहे. सुधारणा उतरवून घेण्यासाठी त्यास बाहेर जाण्याचा मार्ग द्यावा. बाहेरून आत येण्याचा देऊ नये.

कृती क्रमाने

पहिली पायरी: भाड्याचे खाते. यंत्र ज्या खात्यावर घेतले जाते ते खाते म्हणजे साऱ्या किल्ल्यांची किल्ली. ते तंत्रज्ञाच्या नव्हे, पेढीच्या नावे आणि मालकाच्या ईमेलवर असावे. त्यास दुहेरी ओळख लावावी. म्हणजे परवलीच्या शब्दाखेरीज मोबाईलवर दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा अंकी संकेतही लागावा. मोबाईल हरवल्यास उपयोगी पडणारे राखीव संकेत कागदावर लिहून तिजोरीत ठेवावेत.

दुसरी पायरी: किल्ली घडविणे. २०१८ पासूनच्या विंडोज १० मध्ये एसएसएचची साधने सोबतच मिळतात. आज्ञापटल उघडून 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा द्यावी व प्रकार 'ईडी २५५१९' निवडावा. यंत्र एक संरक्षक वाक्य विचारील. ते रिकामे सोडू नये. किल्लीची फाइल चोरीस गेली तरी हे वाक्य मधे उभे राहते. दोन फाइली तयार होतात. जिच्या नावाअखेर 'पब' आहे ती जाहीर, दुसरी खाजगी. खाजगी फाइल व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने कोणासही पाठवू नये, पुत्रासही नाही. प्रत्येकाने आपल्या संगणकावर आपली स्वतंत्र किल्ली घडवावी.

तिसरी पायरी: देवडी उभारणे व ओळख पटविणे. लिनक्स यंत्र घेताना आपली जाहीर किल्ली तेथेच द्यावी. प्रथम प्रवेशाच्या वेळी आपला संगणक त्या यंत्राचा ठसा दाखवितो आणि 'विश्वास ठेवावा काय?' असे विचारतो. बहुतेक लोक न वाचताच होकार देतात. ही सवय घातक आहे. शाहजोग हुंडी आणणारा मनुष्य प्रतिष्ठित शाह आहे की नाही, याची चौकशी केल्याविना आपले पूर्वज पैसे देत नसत. तद्वत भाडेखात्याच्या पटलावरून यंत्राचा खरा ठसा पाहून अक्षर न अक्षर ताडावा आणि मगच होकार द्यावा. पुढे कधी 'ठसा बदलला आहे' असा इशारा आला, तर काम थांबवावे आणि यंत्र खरोखर नव्याने बसविले होते काय, हे विचारून घ्यावे.

चौथी पायरी: प्रत्येकाचे नाव निराळे. देवडीवर मुनीमजी, सूनबाई, चिरंजीव यांच्या नावे वेगवेगळी खाती उघडावीत आणि प्रत्येकाची जाहीर किल्ली त्याच्याच खात्यातील 'ऑथराइज्ड कीज' या फाइलीत घालावी. ती ज्या कप्प्यात असते त्याचा अधिकार ७०० आणि फाइलीचा ६०० असा ठेवावा. इतरांस तीत लिहिण्याची मुभा राहिली तर एसएसएच ती किल्ली मानीतच नाही, आणि नवशिक्यास कारण उमगत नाही. आमची एक संपूर्ण संध्याकाळ यातच गेली.

पाचवी पायरी: शब्दाने प्रवेश बंद. एसएसएचच्या नियमांच्या फाइलीत 'पासवर्ड ऑथेंटिकेशन' या कलमापुढे 'नो' आणि 'परमिट रूट लॉगिन' यापुढेही 'नो' लिहावे. 'अलाउ यूजर्स' या कलमात केवळ आपल्या माणसांची नावे द्यावीत, आणि 'परमिट ओपन' या कलमाने देवडीतून पुढे केवळ माजघराच्या ३३८९ या दारापर्यंतच जाता येईल असे बंधन घालावे. येथे दोन खाचखळगे आहेत. एक, कित्येक यंत्रांत नियमांची आणखी एक फाइल उपकप्प्यात असते आणि ती आधी वाचली जाते. एसएसएच प्रथम आढळलेले कलम ग्राह्य धरते. त्यामुळे आपण 'नो' लिहूनही 'येस' चालू राहू शकते. सबब 'एसएसएचडी' ही आज्ञा मोठ्या 'टी' अक्षरासह देऊन प्रत्यक्षात लागू झालेले नियम वाचावेत. दुसरा, नियम बदलताना चालू असलेली खिडकी बंद करू नये. आधी लहान 'टी' अक्षरासह तीच आज्ञा देऊन लिहिण्यातील चूक तपासावी, मग सेवा पुन्हा सुरू करावी, आणि दुसऱ्या खिडकीतून प्रवेश होतो याची खात्री पटल्यावरच पहिली मिटावी. अन्यथा किल्ली आत ठेवून दार ओढून घेणाऱ्या गृहस्थासारखी आपली गत होते.

सहावी पायरी: बाहेरील कुंपण. भाडेखात्याच्या पटलावर प्रत्येक यंत्राभोवती कुंपणाचे नियम लिहिता येतात. देवडीस केवळ २२ क्रमांकाच्या दाराने, आणि पेढीच्या जोडणीस कायमचा पत्ता असेल तर केवळ त्याच पत्त्यावरून येऊ द्यावे. घरगुती जोडणीचा पत्ता वरचेवर बदलतो. तेथून येणाऱ्यांसाठी हे दार जगास दिसेल असे ठेवणे भाग पडते. म्हणूनच पाचवी पायरी आधी पुरी झालेली असावी. माजघराच्या कुंपणात एकच नियम: ३३८९ चे दार केवळ देवडीच्या आतील पत्त्यास उघडे.

सातवी पायरी: भुयार. आता आपल्या संगणकावरून देवडीशी एसएसएच जोडताना 'एल' या पर्यायाने सांगावे, की माझ्या संगणकाच्या ३३९० या दारात जे येईल ते देवडीमार्गे माजघराच्या ३३८९ या दारास पोहोचव. मग रिमोट डेस्कटॉप उघडून पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' व ३३९० द्यावे. ३३९० घेण्याचे कारण असे, की ३३८९ हे दार कधी कधी आपल्या संगणकानेच वापरलेले असते. पहिल्या वेळी रिमोट डेस्कटॉप प्रमाणपत्राविषयी शंका दाखवील, कारण ते विंडोज यंत्राने स्वतःच बनविलेले असते. त्याचाही ठसा एकदा ताडावा. एसएसएचची खिडकी मिटली की भुयार बंद होते. हे सारे एकदा आज्ञेच्या लहानशा फाइलीत लिहून ठेवले, म्हणजे मुनीमजींस रोज दोन वेळा टिचकी मारण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

ज्यांच्या पेढीत माणसे अधिक आहेत त्यांनी वायरगार्ड या खाजगी जाळ्याचा विचार करावा. ते २०२० सालापासून लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. त्यातही जोडकिल्ल्याच असतात, आणि अनोळखी ठोठावण्यास ते उत्तरच देत नाही.

आठवी पायरी: माजघरातील शिस्त. विंडोज यंत्रातही प्रत्येकास स्वतंत्र नाव द्यावे, आणि दैनंदिन कामासाठी कोणासही व्यवस्थापकाचा अधिकार देऊ नये. पडदा दिसण्यापूर्वीच ओळख मागणारी 'नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन' चालू ठेवावी. काही वेळा चुकीचा शब्द पडल्यास खाते काही काळ बंद व्हावे. आपल्या संगणकाच्या डिस्क माजघरास जोडण्याची सोय बंद ठेवावी, म्हणजे एकीकडील रोग दुसरीकडे जाणार नाही. विंडोज सर्व्हरवर व्यवस्थापनासाठी दोनच बैठका मिळतात. अधिक माणसांनी एका वेळी काम करायचे तर त्यासाठी वेगळे परवाने घ्यावे लागतात. ते चुकविण्याच्या युक्त्या बाजारात विकल्या जातात. ज्यांनी अचौर्याचे व्रत ऐकले आहे त्यांनी त्या मार्गास जाऊ नये. शिवाय अशा युक्तीबरोबर चोर फुकट आत येतो.

नववी पायरी: बाहेरून परीक्षा. पेढीचे इंटरनेट सोडून मोबाईलच्या जोडणीवरून पाहावे. माजघर दिसते काय? दिसू नये. किल्लीविना देवडी शब्द विचारते काय? विचारू नये. कुलूप लावल्यावर आपण दार एकदा ओढून पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

अधिकाराचा अपरिग्रह

परिग्रह म्हणजे केवळ धनाचा संचय नव्हे. गरजेपेक्षा अधिक अधिकार बाळगणे हाही परिग्रहच. सूनबाईंस बाकी पाहायची असेल तर पाहण्याचा अधिकार पुरे. खोडण्याचा कशास हवा? आम्ही स्वतः मालक असूनही देवडीच्या व्यवस्थापनाची किल्ली आमच्या रोजच्या संगणकावर ठेवीत नाही. नोकर काम सोडून गेला किंवा कोणाचा संगणक हरवला, तर त्याच दिवशी त्याची जाहीर किल्ली देवडीवरून काढावी. एकच शब्द सर्वांत वाटलेला असता तर तो सर्वांसाठी बदलावा लागला असता. येथे एक ओळ खोडली की झाले.

देवडीच्या नोंदवहीत कोण केव्हा आले आणि कोणी निष्फळ ठोठावले, हे सारे लिहिले जाते. नवी देवडी उभी केली त्या पहिल्याच रात्री तीत 'रूट', 'ॲडमिन' अशा नावांनी आलेले प्रयत्न मोजता मोजता आम्ही थकलो. आठवड्यातून एकदा ती वही वाचावी. विशेषतः यशस्वी प्रवेश आपल्याच माणसांचे आहेत काय, ते पाहावे. यंत्रांच्या सुधारणाही वेळच्या वेळी बसवाव्यात. २०२४ च्या मार्च महिन्यात आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की त्याच्या यंत्रावर एसएसएचने प्रवेशास अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढता काढता एक्सझेड नावाच्या साधनात कोणीतरी मुद्दाम पेरलेले चोरदार उघडकीस आले, आणि ते सर्वत्र पसरण्यापूर्वी आवरले गेले. पोते हाती घेताच किलोभर वजन कमी आहे हे जाणणारा तोलारी आपल्यातही असतो. कितीही यंत्रे आली तरी अशा माणसाचे मोल कमी होत नाही.

पैठ आणि परपैठ

एवढे करूनही आपत्ती येणारच नाही, असे कोणी सांगू नये. हुंडी गहाळ झाली तर पैठ, पैठ गहाळ झाली तर परपैठ लिहून देण्याची रीत आपल्या पूर्वजांनी घातली, ती हाच विचार करून. वहीच्या तीन प्रती असाव्यात. एक यंत्रात, एक दुसऱ्या ठिकाणच्या साठवणीत, आणि एक पेढीवरील अशा डिस्कवर जी काम झाल्यावर वेगळी करून तिजोरीत जाते. दुसरी प्रत पहिल्याच किल्लीने पुसता येत असेल तर ती प्रत नव्हे, तिची छाया होय. आणि प्रत आहे एवढ्याने भागत नाही. तिच्यातून वही पुन्हा उभी राहते काय, हे पाहावे लागते. आमच्या पेढीत दर चतुर्दशीस मुनीमजी जुन्या प्रतीवरून एका रिकाम्या संगणकात वही उघडतात, पाच खात्यांच्या बाक्या ताडतात आणि वहीत सही करतात.

यास कायद्याचेही अंग आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जतन करावी लागतात. यंत्र बिघडले ही सबब पुढे करून भागत नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घुसखोरीची वर्दी, ती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत द्यावयाची असते. पैशाची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. लाजेने गप्प राहणे ही आमची दुसरी चूक होती. आम्ही चार दिवस कोणासही सांगितले नाही, आणि त्या चार दिवसांत आमच्याच तंत्रज्ञाचे आणखी एक गिऱ्हाईक त्याच रीतीने लुबाडले गेले. वेळीच बोललो असतो तर ती पेढी कदाचित वाचली असती. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

समारोप

वाचकांनी एवढे तीन प्रश्न आपल्या तंत्रज्ञास अवश्य विचारावेत. आमच्या वहीचे यंत्र जगास थेट दिसते काय? भाड्याचे खाते कोणाच्या नावावर आहे? आणि आज सकाळी सारे नष्ट झाले तर संध्याकाळपर्यंत कोणत्या प्रतीवरून वही उभी राहील? तिन्हींची उत्तरे स्पष्ट मिळाली तर आनंद आहे. न मिळाली तर वरील नऊ पायऱ्या त्याच्यासमोर ठेवाव्यात आणि त्याच्या शेजारी बसून त्या करवून घ्याव्यात. तरुण मंडळींनी घरातील वडीलधाऱ्यांस हे समजावून सांगावे, आणि वडीलधाऱ्यांनी शिकण्यात कमीपणा मानू नये. आम्ही साठी उलटल्यावर शिकलो.

त्या शेतकऱ्याची अठरा हजारांची चिठ्ठी आम्ही अद्याप गादीखाली जपून ठेवली आहे. नव्या यंत्रात त्याचे खाते चोख आहे.

चू. भू. द्या. घ्या.